क्लूनागॅरी प्रेसचा बगळा

१

कागदाची घडी उलगडली तेव्हा आतून लाकडी बगळा निघायला हवा होता. निघालं टर्फचं ढेकूळ.

टर्फ म्हणजे आमचं सरपण. दलदलीतून कापायचं, वाऱ्यावर वाळवायचं आणि वर्षभर शेगडीत घालायचं. ते कोणी मऊ पांढऱ्या कागदात तान्ह्या बाळासारखं गुंडाळून कपाटात ठेवत नाही. फॅनिंगबाईंच्या पांढऱ्या हातमोज्यांवर तपकिरी भुकटी सांडली. बाई डब्लिनच्या एका विद्यापीठातून आल्या होत्या, क्लूनागॅरी प्रेसचं सगळं दप्तर न्यायला. कवींची हस्तलिखितं, तपासलेली मुद्रितं, मुखपृष्ठांची मूळ चित्रं आणि ती चित्रं छापायचे लाकडी ठसे. बाकी सगळे ठसे जागच्या जागी होते. नव्हता तो एकच, आणि तोच नेमका प्रेसचा जीव. एका पायावर उभा असलेला बगळा. प्रेसच्या प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर तो असायचा.

प्रेस म्हणजे तरी काय, जार्लथ डिव्हेनीच्या घराची पुढची खोली. जार्लथ कवी, तोच प्रकाशक आणि बऱ्याचदा तोच हमाल. कवितेची पुस्तकं छापून कोणी गब्बर झाल्याचं आमच्या मेयो परगण्यात ऐकिवात नाही, आणि जार्लथनंही तसं करून दाखवलं नाही. फेब्रुवारीत तो गेला. लग्न केलं नव्हतं, त्यामुळे घर पुतण्याकडे, रुअरीकडे आलं. दप्तर मात्र जार्लथच्याच इच्छेप्रमाणे विद्यापीठाकडे चाललं होतं.

मी मॅलकी गॉन. इथल्या ठाण्यात सार्जंट होतो. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी गाव मला अजून सार्जंटच म्हणतं. बायको गेल्यापासून मॅलकी म्हणणारं फारसं कोणी उरलेलं नाही. दप्तर हवाली करताना साक्षीदार असावा म्हणून रुअरीनं मला बोलावलं होतं, आणि माझ्याकडे वेळेला काय तोटा.

"खोलीला कुलूप मी लावलं," रुअरी म्हणाला. "काकांना मूठमाती देऊन आल्या आल्या. किल्ली माझ्या खिशात आणि मी डब्लिनला. खिडकी रंगानं चिकटलेली आहे, ती काकांच्या हयातीतही कधी उघडली नाही. आज तुमच्यासमोर कुलूप काढलं."

"आणि त्याआधी ठसा होता?"

"होता," फॅनिंगबाई म्हणाल्या. "वेकच्या दिवशी दुपारी मी भेटायला आले होते ना. कागद जरासा बाजूला करून चोच बघितली. बाहेर नाही काढला. चहाच्या वेळी सगळ्यांसमोर म्हणाले पण, डब्लिनला गेला की प्रत्येक ठशाचे सगळ्या बाजूंनी फोटो काढायचेच आहेत."

म्हणजे त्या दुपारपासून दुसऱ्या दिवशी शवपेटी घराबाहेर निघेपर्यंत, एवढ्या वेळातच ठसा गेला. आणि नेमक्या तेवढ्या वेळात ती खोली क्षणभरही रिकामी नव्हती. वेक म्हणजे मयताच्या सोबतीला बसणं, आणि मयताला एकटं सोडायचं नाही ही आमची रीत. जार्लथची उघडी शवपेटी त्याच कपाटाशेजारी, खोलीच्या मधोमध ठेवली होती. संध्याकाळी रोझरीला, म्हणजे आम्हा कॅथलिकांच्या माळेच्या प्रार्थनेला, गाव मावेना. रात्रभर मी आणि प्रेसचं मशीन चालवणारा कोलमन डोळ्यांत तेल घालून बसलो. माणसांनी भरलेल्या खोलीतून ठसा गेला, आणि जाताना आपल्या जागी सरपण ठेवून गेला.

"टर्फची टोपली कोण भरत होतं?" रुअरी म्हणाला. "हे कपाट कोण पुसायचं? आणि 'बगळा मला आठवण म्हणून द्या' असं काकांना कोण म्हणालं होतं?"

तिन्ही प्रश्नांचं उत्तर चहाचा ट्रे घेऊन दारात उभं होतं, जार्लथकडे घरकाम करणारी अ‍ॅट्रॅक्टा.

"उद्या संध्याकाळपर्यंत ठसा मिळाला तर ठीक," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "नाहीतर मी पोलिसांत नाव देणार."

२

अ‍ॅट्रॅक्टा गिल्व्हरी मी घरी पोचायच्या आत माझ्या दाराशी हजर होती. आत आली, आणि कमरेचा जुडगा सोडून माझ्या टेबलावर ठेवला. अर्ध्या गावाच्या घरांच्या किल्ल्या त्यात होत्या, शिवाय चर्चची आणि डॉक्टरांच्या दवाखान्याची.

"ठेवा तुमच्याकडे, सार्जंट. उद्या लोक मागायला येणार, त्यापेक्षा आजच दिलेल्या बऱ्या."

"कोणी मागितल्या का?"

"मागायला कशाला पाहिजे? मिसेस टायमन दुकानात मला बघून पर्स ह्या हातातून त्या हातात घेणार, ते मला आत्ताच दिसत नाही होय?" ती खुर्चीच्या टोकावर बसली. "माझं कोण आहे, सांगा. नवरा लिव्हरपूलला गेला तो गेलाच. सकाळी उठून कोणाच्या तरी घराचं दार उघडायचं, पडदे सारायचे, कोणाला तरी 'झोप लागली का' विचारायचं, एवढंच माझं जगणं. किल्ल्या गेल्या तर मी बोलू कोणाशी?"

ती रडली असती तर मला सोपं गेलं असतं. रडली नाही. मी चहा ओतला, आणि रोझरीच्या आधी तिनं काय काय केलं ते सांगायला सांगितलं.

"फादर यायच्या आधी शेवटची नजर टाकली. शेगडीत टर्फ घातला, तो चिमट्यानं. मी हातानं कधी घालत नाही, मला सगळ्यांचे कपडे धुवायचे असतात. मग जार्लथच्या बोटांत माळ नीट गुंफली. कफ सरळ केले. पांढरा शर्ट मीच खळ घालून इस्त्री केला होता, बर्फासारखा. आणि मग त्या कोणी तरी..." ती थांबली.

"काय कोणी तरी?"

"काही नाही हो. रोझरी संपली, उठून बघते तर उजव्या कफवर हा एवढा तपकिरी डाग. लोक मयताचा हात हातात घेतात, घ्यावा, पण हात पुसून तरी घ्यावा. थुंकी लावून मी पुसला. जार्लथ असता तर म्हणाला असता, 'अ‍ॅट्रॅक्टा, मला डागासकट जाऊ दे.'"

"डाग कसला?"

"कसला म्हणजे? टर्फचा," ती म्हणाली. "दुसरं काय असणार ह्या गावात?"

३

कोलमन रुएन जार्लथच्या छपाईचे खिळे जुळवायचा आणि मशीन चालवायचा. शेवटच्या वर्षी दोघांचं वाजलं होतं, हे गावाला ठाऊक होतं. जार्लथनं सगळं डब्लिनला द्यायचं ठरवलं ते कोलमनला झोंबलं.

"चोरीचा विचार माझ्या मनात आला होता, लिहून घे," मला बघताच तो शेडमधून म्हणाला. "पण बगळ्याचा नाही. मशीनचा. ते खिशात मावेना म्हणून राहिलं."

"रोझरीच्या वेळी कुठे होतास?"

"बाहेर, पोर्चमध्ये. हे कमरेचं ऑपरेशन झाल्यापासून माझे गुडघे जमिनीला लागत नाहीत. टायमन, पोस्टमन आणि मी, तिघं भिंतीला टेकून होतो. देवाला तिथूनही ऐकू येतं."

टायमननं पुढे हेच सांगितलं. कोलमननं फडताळातून एक छोटा ठसा काढला, तळहातात मावेल एवढा, मधासारख्या रंगाचा. "हे लाकूड बघ. बॉक्सवूड. झुडूप शंभर वर्षांत मनगटाएवढं होतं. त्यामुळे मिळत नाही आणि मिळालं तर परवडत नाही. म्हणून कोरणारी माणसं पाठही वाया घालवत नाहीत." त्यानं ठसा उलटा केला. पुढच्या बाजूला होडी होती. पाठीवर घोडा होता, त्याचा एक पाय फसलेला. "हेस्टरनंच कोरलाय. चिडून मला दिला."

"आणि बगळ्याच्या पाठीवर?"

कोलमन हात पुसत राहिला. "ते मला कसं ठाऊक असणार? एवढी वर्षं प्रत्येक ठसा मशीनवर मी बसवला. बगळा सोडून. तो जार्लथ स्वतः काढायचा, स्वतः बसवायचा, स्वतः परत गुंडाळायचा. आणि बसवताना माझ्याकडे पाठ करून उभा राहायचा. मी म्हणायचो, 'अरे, बगळा आहे का बायको?' तर हसायचा नाही."

"कधीच?"

"जार्लथ माझ्या सगळ्या विनोदांना हसायचा, सार्जंट. वाईट विनोदांनाही. ह्याला नाही."

४

हेस्टर ऑर्म्सबीचं घर प्रॉटेस्टंट चर्चच्या भिंतीला लागून. त्या चर्चला आता वर्षातून दोनदा-तीनदा कुलूप निघतं, आणि तेव्हाही आत बोटांवर मोजण्याइतकी डोकी. बगळा तिनं कोरला, आणि प्रेसची सगळी मुखपृष्ठंही तिचीच. चाळीसेक वर्षं रोज दुपारी ती टेकडी उतरून जार्लथकडे जायची आणि अंधार पडायच्या आत परत यायची. गावानं सुरुवातीला जिभा झिजवल्या, मग कंटाळून सोडून दिलं.

"ये, मॅलकी. मांजरीला उठव. ती उठणार नाही, तूच दुसरी जागा बघ."

खिडकीखाली तिचं टेबल. कोरायची हत्यारं ओळीनं लावलेली, आणि मध्ये चामड्याची गोल उशी, जिच्यावर ठसा ठेवून फिरवतात. उशीवर धूळ होती.

"काम बंद दिसतंय."

"कोणासाठी कोरू? छापणारा गेला. चित्रं मी कधी लोकांसाठी काढली नाहीत, ती जार्लथला दाखवायची म्हणून काढली. तो चष्मा कपाळावर सरकवून बघायचा, आणि म्हणायचा, 'चालेल.' चाळीस वर्षांत एवढीच स्तुती." तिनं केटल ठेवली. "काय काम काढलंस?"

मी सांगितलं. अ‍ॅट्रॅक्टाचं नाव ऐकताच तिचा हात बरणीवरच थांबला.

"अ‍ॅट्रॅक्टा? त्या पोराला अक्कल आहे का? चोर सोडून संन्याशाला फाशी. ती बाई दुसऱ्याच्या घरातली सांडलेली साखरसुद्धा मोजून भरेल."

"हे मला ठाऊक आहे, हेस्टरबाई. रुअरीला नाही."

"रुअरीला काय ठाऊक आहे? सख्ख्या काकाच्या मयताला नवेकोरे बूट घालून येतो, आणि तळव्यावर किमतीची पिवळी चिठ्ठी तशीच. सेलमधले असणार." मला हसू आलं, तीही जराशी हसली. त्या घरात बऱ्याच दिवसांत कोणी हसलं नसावं, कारण मांजरीनं डोळा उघडला.

"रोझरीला तुम्ही कुठे होतात? विचारायचं म्हणून विचारतो."

"स्वयंपाकघरात. आणखी कुठे? तुमची माळ, माझा केक. तुमच्या लोकांच्या प्रत्येक वेकला मी हेच करत आले."

ते खरं होतं. फादर माळ काढू लागले की हेस्टर शिष्टाचार म्हणून उठते, स्वयंपाकघरात जाऊन केकचे तुकडे करते, आणि आम्ही गुडघे चोळत उठलो की बशा घेऊन येते. गावातलं शेंबडं पोरही हे सांगेल. मी पुढे विचारलंच नाही.

दारापर्यंत सोडायला आली तेव्हा तिनं विचारलं, "अ‍ॅट्रॅक्टाला खरंच पोलिसांत नेतील?"

"नेतील न नेतील. पण नाव दिलं की तिच्या किल्ल्या गेल्या. आणि किल्ल्या गेल्या की ती गेली."

रस्त्यावर आल्यावर मी वळून बघितलं, तर दार बंद करायचं विसरून हेस्टर तशीच उभी होती.

५

परतताना डिव्हेनीच्या घराशी रुअरी गाडीत खोकी चढवत होता. पायांत झिजलेले बूट.

"नवे कुठे गेले?" मी गंमत म्हणून विचारलं.

"ते होय?" तो ओशाळला. "फादर आले तेव्हा गाडीतून आणून घातले, आणि रोझरी संपल्याबरोबर काढून परत गाडीत फेकले. असले चावत होते. काकांना खांदा दिला तो ह्या जुन्यांतच. नव्यांची चिठ्ठीसुद्धा निघालेली नाही, दुकानात परत करीन म्हणतो." मग आवाज उतरवून म्हणाला, "सार्जंट, मला त्या बाईशी वैर नाही. पण तुम्हीच सांगा, दुसरं कोण?"

घरी आलो, एकट्याचं जेवण जेवलो, आणि नेहमीप्रमाणे रोझरीला बसलो. माझी बायको मोना असताना आम्ही दोघं म्हणायचो. आता मी 'नमो मरिये' म्हणतो आणि उत्तरही मीच देतो.

आमची पद्धत अशी की जमिनीवर गुडघे टेकायचे, खुर्ची आपल्याकडे वळवून कोपरं तिच्या बैठकीवर ठेवायची, आणि तोंड ओंजळीत. माझं नाक खुर्चीवरच्या उशीत होतं. मोनाची खुर्ची माझ्या मागे होती. आणि रोज येतो तोच वेडा विचार त्या दिवशीही आला: आत्ता ती मागे असेल, आणि मला दिसत नसेल.

तिथेच मी म्हणायचा थांबलो.

दिसत नसेल. जार्लथच्या वेकलाही आम्ही सगळे असेच होतो. खुर्च्या, बाकं, खिडकीचा कट्टा, सगळं भिंतींना लावलेलं. माणसं भिंतीकडे तोंड करून, कोपरं टेकून, डोळे झाकून, मोठ्यानं उत्तरं देत. मला त्या अख्ख्या रोझरीतलं आठवत होतं ते फक्त जार्लथच्या खुर्चीवरच्या उशीला येणारा मांजराचा वास. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती, आणि खोलीच्या मधोमध काय चाललंय ते बघायला एकही डोळा नव्हता. आम्ही सगळे प्रामाणिकपणे शपथ घेत होतो की खोली रिकामी नव्हती. खोली भरलेली होती, आणि आमच्या पाठी तिच्याकडे होत्या.

मग बाकीचं आपोआप जुळत गेलं. अ‍ॅट्रॅक्टानं माळ गुंफली तेव्हा कफ स्वच्छ होता, उठली तेव्हा डागाळलेला. म्हणजे ज्यानं टर्फ हातात घेतला त्यानं रोझरी चालू असतानाच जार्लथचा हात उचलला. कोलमन पोर्चमध्ये, त्याला साक्षीदार दोन. रुअरी नक्की गुडघ्यांवर होता. ते मला कसं ठाऊक? कारण त्याच्या बुटांचे तळवे कोणी तरी पाहिले होते.

उभ्या माणसाच्या बुटाचे तळवे दिसत नाहीत. गुडघे टेकले तरच दिसतात, आणि तेही त्याच्या मागून. रुअरी खिडकीच्या कट्ट्याशी होता, दाराच्या समोरच्या बाजूला, आणि दार व तो यांच्यामध्ये शवपेटी. दारातून ते पाय दिसणं शक्य नव्हतं, मग स्वयंपाकघरातून तर नाहीच. ते बूट त्यानं त्या रोझरीपुरतेच घातले होते. पिवळी चिठ्ठी दिसायला एकच जागा होती, शवपेटीच्या शेजारी.

आम्ही सगळ्यांनी हेस्टरला स्वयंपाकघरात पाहिलं होतं, दरवर्षी, प्रत्येक वेकला. त्या दिवशी कोणीच पाहिलं नव्हतं.

माळ अर्धी राहिली ती राहिलीच.

६

सकाळी तिनं दार उघडलं आणि माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "बुटांची चिठ्ठी. रात्री माझ्याही लक्षात आलं. बोलून गेले आणि मग आठवलं की मी ती कुठून बघितली."

मी बसलो. मांजर आज आपण होऊन उठली.

"पाठीवर काय होतं, हेस्टरबाई?"

"जार्लथ." तिनं हात मांडीवर ठेवले. "खुर्चीत झोपलेला, तोंड जरा उघडं. पहिलं पुस्तक शिवून झालं त्या दिवशी तो तसाच झोपला होता, आणि मी एवढ्या जवळून त्याला कधीच बघितलं नव्हतं. घरी येऊन कोरलं. बगळ्याच्याच पाठीवर, कारण तो ठसा त्याच्या हातात वारंवार जाणार. मला बोलता येत नव्हतं, मॅलकी. कोरता येत होतं. म्हटलं, उलटून बघेल, आणि मग काय ते म्हणेल."

"म्हणाला?"

"नाही. तेव्हा त्याची आई होती. प्रॉटेस्टंट सून म्हटल्यावर तिनं अंथरूणच धरलं असतं, म्हणून मी वाट बघितली. मग आई गेली. मी आणखी वाट बघितली. मग वाट बघायची सवय झाली. मी मनाशी धरून चालले की त्यानं पाहिलंच नसेल. त्यात अपमान कमी होता." ती माझ्याकडे न बघता बोलत होती. "आणि ती डब्लिनची बाई चहा पिता पिता म्हणाली, सगळ्या बाजूंनी फोटो. सबंध देशाला दाखवणार, की ही बाई एका माणसाकडे असं बघायची आणि तिला कोणी विचारलं नाही. मला लाज वाटली. या वयात."

"माळ सुरू झाली तशा तुम्ही आत गेलात."

"केक कापलेलाच होता. ठसा काढला, त्याच कागदात टर्फ बांधला, म्हणजे कोणी घडी उचलली तरी ती रिकामी वाटणार नाही. कप्प्याला मेण लावलेलं, आवाज होत नाही."

"आणि मग जार्लथचा हात उचलून तो त्याच्या कोटाच्या आत ठेवलात. छातीपाशी."

तिनं मान डोलावली. मला ती सगळी रात्र आठवली, मी आणि कोलमन शवपेटीच्या दोन बाजूंना, हवापाण्याच्या गप्पा मारत. काखेत कळसा म्हणतात तो हाच.

"हे रुअरीला सांगितलं तर तो कबर उघडायची परवानगी मागेल," मी म्हणालो. "मिळेल न मिळेल, पण मागेल. आणि नाही सांगितलं तर संध्याकाळी अ‍ॅट्रॅक्टाचं नाव जाईल."

हेस्टर उठली, आणि कोट घालायला लागली. एक बाही तिला सापडत नव्हती. मी धरून दिली.

७

ती डिव्हेनीच्या घरात शिरली तेव्हा फॅनिंगबाई शेवटचं खोकं बांधत होत्या, आणि अ‍ॅट्रॅक्टा परसदारी उभी होती. रुअरीनं तिला आत येऊ नको म्हणून सांगितलं होतं.

"अ‍ॅट्रॅक्टा, आत ये," हेस्टर म्हणाली. मग रुअरीकडे वळली. "बगळा मी घेतला. रोझरी चालू असताना, तुम्ही सगळे उश्यांत तोंड घालून बसला होता तेव्हा. घरी नेऊन शेगडीत घातला."

मी आयुष्यभर साक्षी ऐकल्या. ही खोटी होती, मला ठाऊक होतं, आणि मी टोपी हातात धरून गप्प उभा राहिलो.

"जाळलात?" फॅनिंगबाईंनी खोक्याची दोरी सोडली. "पण का?"

"मी कोरला होता. मला नकोसा झाला."

"मिस ऑर्म्सबी, मला तसं नोंदवावं लागेल. की ठसा चित्रकर्तीनं स्वतःच नष्ट केला. प्रदर्शन तुमच्या नावानं होणार होतं, ते आता..."

"नोंदवा."

"लोकांना तेवढंच लक्षात राहील. तुमची चित्रं नाही."

"मला कळतं, बाई. नोंदवा." मग ती रुअरीला म्हणाली, "ह्या बाईची माफी माग. माझ्यासमोर. आणि संध्याकाळी दुकानात जाऊन सांग, मिसेस टायमनला ऐकू जाईल असं."

रुअरीनं मागितली. अडखळत मागितली, पण मनापासून. मी खिशातून जुडगा काढून अ‍ॅट्रॅक्टाच्या हातात दिला. तिनं तो कमरेला लावला, आणि हेस्टरच्या हातांकडे बघितलं. मग माझ्याकडे. बाई खुळी नाही, डाग तिनंच पुसला होता. ती एवढंच म्हणाली, "मिस ऑर्म्सबी, उद्यापासून सकाळी मी तुमच्याकडेही येत जाईन. पडदे फार मळलेत तुमचे."

"मला परवडणार नाही."

"मी विचारलं का?"

घराबाहेर पडलो तेव्हा आभाळ उतरलं होतं. माझ्या फाटकापर्यंत आम्ही न बोलता आलो. एक गोष्ट मला खुपत होती, आणि मी विचारून टाकली.

"नाहीसा करायलाच घेतला होतात ना? मग शेगडी तिथेच पेटलेली होती. घरीही नेता आला असता. त्याच्याजवळ का ठेवलात?"

तिनं फाटकाच्या कडीवर बोट फिरवलं.

"मेणबत्तीच्या उजेडात उलटा करून बघितला," ती म्हणाली. "शेवटचा म्हणून. रेषांत शाई होती, मॅलकी. पाठीवरच्या. मी त्या बाजूला शाई कधी लावलीच नव्हती. लावून पुसलेली, आणि परत लावलेली. एकदा नाही, कितीदा तरी."

"त्याला ठाऊक होतं. पहिल्यापासून. तो एकटा असताना ते छापून बघायचा, आणि दुपारी मी गेले की चहा ओतायचा, हवेविषयी बोलायचा, आणि अंधार पडायला लागला की दारात येऊन म्हणायचा, 'बरंय हेस्टर, उद्या.' चाळीस वर्षं." ती म्हणाली. "मला त्याचा इतका राग आला. मेलेल्या माणसाचा, आणि तुम्ही सगळे देवाचं नाव घेताय. त्याचा हात उचलला आणि ठसा कोटात खुपसला. चांगला जोरात खुपसला. म्हटलं, घे. तूच लपवून ठेवलास, आता तूच सांभाळ."

"त्यानं छापलेले ते कागद त्या खोक्यांत कुठे तरी असतील," मी म्हणालो. "शोधायला सांगू?"

"नको. सापडतील तेव्हा सापडतील. कोणाला कळणार नाही कोण झोपलाय ते."

पावसाचे थेंब पडायला लागले. तिनं डोक्यावर रुमाल बांधला, आणि टेकडीच्या रस्त्याला वळली. त्या रस्त्याच्या शेवटी एक मांजर होती आणि धूळ बसलेली उशी. माझ्या मागे माझं घर होतं, तिथे तेवढंही नव्हतं.

"चहा घेऊन जा," मी म्हणालो.

"आज नको, मॅलकी. दमले मी. उद्या येईन."

"उद्या नाही, हेस्टर," मी म्हणालो. "आत्ता."

बाई म्हणायचं राहून गेलं, ते दोघांच्याही लक्षात आलं. ती रस्त्यात उभी राहिली, पाऊस वाढत होता तरी. मग परत आली, आणि फाटक तिनं स्वतःच उघडलं.